रोहित मोजण्याआधी पाणी मोजावं लागतं

ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मोजायचे असतील तर पहिली वस्तू दुर्बीण नाही, पंचांग लागतं. दिवा, घणसोली, वाशी, सारसोळे, दिवाळे या कोळीवाड्यांतली जुनी माणसं भरतीची वेळ बोटांवर सांगतात. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. ओहोटी त्याच्या सहा तास पुढेमागे. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. छापील भरती-ओहोटीचं कोष्टक नेमकं असतं, ते वापरायचंच. पण हंगामाचं वेळापत्रक आखताना हा पाऊणकीचा हिशेब डोक्यात पक्का असला की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

कारण खाडीत दिसणाऱ्या पक्ष्यांचा आकडा पक्ष्यांपेक्षा पाण्याने जास्त हलतो. समजा, जानेवारीच्या उधाणात, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या मोठ्या भरती-ओहोटीत, सकाळच्या पूर्ण ओहोटीला ऐरोली आणि घणसोलीच्या मधल्या एका टापूत ८,२०० पक्षी मोजले. आठवड्याने भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत त्याच जागी, त्याच दुर्बिणीने ३,१०० भरले. कागदावर ही ६२ टक्के घट आहे. प्रत्यक्षात एकही पक्षी खाडी सोडून गेलेला नसेल. भांगात पाणी पुरतं उतरत नाही, चिखल कमी उघडा पडतो आणि थवे दुसरीकडे पांगतात. परिसंस्थेचं गणिती प्रारूप, म्हणजे मॉडेल, बांधायचं म्हणजे पाण्यामुळे झालेला फरक आणि पक्ष्यांमुळे झालेला फरक वेगळे काढायचे. आमच्या कामाचा बहुतेक वेळ यातच जातो.

ही खाडी उत्तरेला ठाण्यापाशी चिंचोळ्या वाटेने उल्हास नदीला जोडलेली आहे आणि दक्षिणेला मुंबई बंदरात उघडते. ऑगस्ट २०१५ मध्ये तिच्यातलं सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यात इथे दोन जाती येतात. लहान रोहित ८० ते ९० सेंटिमीटर उंच, चोच गडद लाल, लांबून काळपटच दिसते. मोठा रोहित १२० ते १४५ सेंटिमीटर, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. मिसळलेल्या थव्यात उंचीवरून ओळखता येतं, पण एकट्या पक्ष्याच्या बाबतीत उंची फसवते, चोचच बघावी. लहान रोहित नीलहरित शेवाळ आणि डायटम (सूक्ष्म शेवाळ) गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले किडे, कोळंबीची पिल्लं, गोगलगायी यांवर जगतो. दोघांचं खाणं वेगळं म्हणून चिखलाची प्रतवारी बदलली की दोघांवर होणारा परिणामही वेगळा. दोन्ही जातींची बेरीज करून एकच आकडा मॉडेलला देऊ नये.

पाण्याच्या बाबतीत पहिलं काम असं, की आपल्या जागेचा उशीर आपण मोजायचा. कोष्टक अपोलो बंदरचं असतं. भरती तिथून वाशीला आणि पुढे ऐरोलीला चढत येते, त्याला वेळ लागतो. हा उशीर कोणाला विचारून लिहू नये. जेटीच्या खांबाला दहा-दहा सेंटिमीटरवर रंगाच्या खुणा केलेला बांबू बांधावा. नुसता चिखलात रोवलेला बांबू महिन्याभरात खचतो, आणि मग सगळी नोंद वीसेक सेंटिमीटरने चुकते. कुठल्या दिवसापासून चुकली तेही कळत नाही. म्हणून खांबच. जेटीच्या काँक्रीटवर एक कायमची खूण करून तिथून बांबूच्या शून्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवावं. मग अपेक्षित भरतीच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची वाचायची. चार उधाणं आणि चार भांग एवढं वाचन झालं की सरासरी उशीर हाताशी येतो. ओहोटीचा उशीर निराळा काढावा. उथळ खाडीत पाणी चढतं झपाट्याने आणि उतरतं रेंगाळत, त्यामुळे भरतीचा उशीर ओहोटीला लावला की अर्धा-पाऊण तास सहज हुकतो. तेवढ्या वेळात चिखलाची कड बरीच सरकलेली असते आणि पक्षी कडेबरोबर सरकलेले असतात.

आता मोजणीचा दिवस. उधाण नेमकं पौर्णिमेला किंवा अमावास्येला सर्वात मोठं असतं असा समज आहे. ते एक-दोन दिवस उशिरा येतं. द्वितीया-तृतीया धरली तर अपोलो बंदरची सकाळची ओहोटी साधारण सव्वासात ते आठ, आणि ऐरोलीकडे त्यानंतर. उजेड चांगला असतो, चिखल जास्तीत जास्त उघडा असतो, हवेत गरमीची थरथर सुरू झालेली नसते. दहानंतर चिखलावरून वाफ उठू लागते आणि दुर्बिणीत सगळे पक्षी पाण्यात बघितल्यासारखे हलतात; तेव्हा मोजलेला आकडा नोंदवहीत लिहावा, पण शेजारी 'थरथर' अशी खूण करावी आणि मॉडेलमध्ये त्याला कमी विश्वास द्यावा.

सूर्याची बाजूही ठरलेली असते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी ही पूर्वेची कड. इथून बघताना तोंड पश्चिमेला, सकाळचा सूर्य पाठीशी. संध्याकाळी त्याच जागेवरून पक्ष्यांच्या फक्त काळ्या आकृत्या दिसतात, जाती ओळखता येत नाहीत. भांडुप, विक्रोळीच्या बाजूला बरोबर उलटं. सकाळी नवी मुंबईच्या कडेने आणि संध्याकाळी मुंबईच्या कडेने असं आलटून पालटून मोजायचा मोह होतो. तो टाळावा, कारण दोन वेळांच्या मध्ये एक पूर्ण भरती होऊन गेलेली असते आणि थवे या कडेचे त्या कडेला गेलेले असतात.

सोयीसाठी दर चौथा रविवार धरणं ही सर्वात महागात पडणारी सवय. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस. चार-चार आठवड्यांनी मोजत गेलं की दर फेरीला आपण तिथीने दीड दिवस मागे जातो. नोव्हेंबरअखेरीस उधाणावर सुरुवात केली तर पाच फेऱ्यांनंतर, एप्रिलमध्ये, साडेसात दिवस मागे सरकून थेट भांगावर येऊन पोचतो. आलेख काढला तर डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत पक्षी सावकाश कमी होत गेल्याचं सुरेख चित्र दिसतं, आणि ते चित्र बऱ्याच अंशी चंद्राचं असतं. रविवार हवाच असेल तर तिथीजवळचा रविवार घ्यावा, आठवडे मोजत बसू नये.

मोजणारे सहा गट असतील तर सहाही गटांनी एकाच अर्ध्या तासात मोजायचं. गटांच्या हद्दी आधीच नकाशावर आखून द्याव्या लागतात, आणि त्या हद्दी चिखलावर नसतात, त्या खाडीतल्या विजेच्या मनोऱ्यांवर, ऐरोली पुलाच्या आणि वाशी पुलाच्या खांबांवर, समोरच्या काठावरच्या उंच इमारतींवर बांधाव्या लागतात. 'तिसऱ्या मनोऱ्याच्या डावीकडचे तुमचे' असं साधं वाक्य दहा पानी सूचनेपेक्षा उपयोगी पडतं. मोबाइलमधलं जीपीएस आपण कुठे उभे आहोत ते सांगतं, पक्षी कुठे आहेत ते नाही. म्हणून थव्याची दिशा होकायंत्राने अंशात लिहावी. दोन ठिकाणांहून दोन दिशा मिळाल्या की थव्याची जागा नकाशावर काढता येते.

हजारोंच्या थव्यात एकेक पक्षी मोजता येत नाही. दुर्बीण वीस-तीस पटीवर ठेवावी. साठ पटीवर थरथर वाढते आणि चित्राचा तुकडा इतका लहान होतो की मागचं मोजलेलं कुठपर्यंत आलं तेच हरवतं. आधी दहा पक्षी नेमके मोजायचे, त्या दहांनी व्यापलेली जागा डोळ्यात बसवायची, तशा दहा जागांचा शंभराचा गठ्ठा करायचा आणि मग थव्यावर गठ्ठे टाकत जायचं. थवा कडेला विरळ आणि मध्ये दाट असतो. कडेवर ठरवलेला गठ्ठा मध्ये वापरला की आकडा कमी येतो. डोळ्यांचा कल एकूणच मोठा थवा कमी मोजण्याकडे असतो आणि थवा जितका मोठा तितकी तूट मोठी.

ही तूट किती, ते फोटोंवरून काढता येतं. तिपाईवर कॅमेरा ठेवून थव्याचे डावीकडून उजवीकडे फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटोचा पाव भाग पुढच्यात आला पाहिजे. घरी संगणकावर प्रत्येक पक्ष्यावर ठिपका देत मोजायचं. चार हजारांच्या थव्याला दोन-तीन तास लागतात, डोळे दुखतात, आणि तरीही हे काम दुसऱ्यावर ढकलू नये. ठिपके देताना कळतं की मागच्या रांगेतले पक्षी पुढच्यांच्या पायांमागे कसे लपतात, मान पाण्यात घातलेला पक्षी कसा गुलाबी दगडासारखा दिसतो. फोटोत ४,००० आणि डोळ्यांनी ३,००० असं निघालं तर त्या माणसाचा त्या आकाराच्या थव्यासाठीचा गुणक १.३३. प्रत्येक मोजणाऱ्याचे असे वीस-पंचवीस थवे झाले की त्याची स्वतःची दुरुस्तीची रेघ काढता येते. ही चूक गुणाकाराच्या स्वरूपाची असल्यामुळे रेघ लॉगमध्ये, म्हणजे आकड्यांच्या लॉगॅरिदमवर, काढावी. साध्या आकड्यांवर काढली तर दोन मोठे थवे सगळ्या रेघेला आपल्याकडे ओढतात.

दोघांनी शेजारी उभं राहून मोजावं, पण बोलू नये. 'माझे साडेतीन हजार, तुझे?' हा प्रश्न विचारला की दोन मोजण्यांची एक होते. आकडा आपापल्या वहीत लिहून झाल्यावरच तोंड उघडायचं. आणि नंतर दुरुस्त करायचा नाही.

होडीतून मोजणी करायची तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी हातात हवी. ऐरोलीहून होडी भरतीच्या पाण्यावरच निघते. पाणी उतरताना आत गेलं की होडी गाळात बसते आणि पुढचे पाच-सहा तास तिथेच. होडीतली मोजणी जवळून होते, जाती आणि पिल्लं चांगली कळतात, पण एकूण संख्येसाठी ती बेभरवशाची, कारण होडी स्वतःच पक्षी हलवते. माना उंचावून सगळा थवा एका दिशेला चालायला लागला की इंजिन बंद करायचं. उडाला तर नुकसान त्यांचंच आहे, चरण्याचे तास आधीच मोजके असतात.

नोंदीचा तक्ता साधा असावा आणि पूर्ण भरावा. तारीख, सुरुवात आणि शेवट, जागा, मोजणारा, बांबूवरची पाण्याची उंची, ओहोटीला किती मिनिटं कमी किंवा जास्त, वारा, थरथर, जात, आकडा, गठ्ठा दहाचा की शंभराचा, आणि काही धावपळ झाली का: कुत्री, होडी, ड्रोन, घार. शून्याची नोंद विसरली जाते. 'काही दिसलं नाही म्हणून लिहिलं नाही' हे वाक्य डेटाच्या कामात फार घात करतं. शून्यही दोन प्रकारचं: चिखल उघडा होता आणि पक्षी नव्हते, किंवा चिखलच दिसत नव्हता. पहिलं शून्य खरं, दुसऱ्या ठिकाणी रकाना रिकामा ठेवून कारण लिहायचं.

पिल्लांचं प्रमाण हा स्वतंत्र आकडा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे पक्षी करडे-तपकिरी असतात. थव्यातल्या ४०० पक्ष्यांपैकी ८० करडे निघाले तर प्रमाण २० टक्के, आणि नमुन्याच्या हिशेबाने अनिश्चितता दोन्ही बाजूंना चार टक्के. पण करडे पक्षी बहुधा एकत्र किंवा थव्याच्या कडेला असतात, त्यामुळे एका ठिकाणचे ४०० म्हणजे खऱ्या अर्थाने ४०० स्वतंत्र पक्षी नव्हेत. चार ठिकाणी शंभर-शंभर मोजावेत. कच्छच्या रणात वीण कशी झाली याचा अंदाज इथे, खाडीत, या एका आकड्यातून येतो.

चिखलातलं अन्न मोजायला फार महागडं काही लागत नाही. दहा सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप दहा सेंटिमीटर खोल दाबायचा, आलेला गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून खाडीच्याच पाण्याने धुवायचा. पाइपाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, त्यामुळे त्यात सापडलेला एक जीव म्हणजे चौरस मीटरला १२७. हे लक्षात ठेवलं की एका नमुन्यात तीनऐवजी चार गोगलगायी मिळाल्या म्हणून केवढा फरक पडतो ते समजतं आणि एका जागी किमान पाच नमुने का घ्यावेत तेही. हे झालं मोठ्या रोहिताचं अन्न. लहान रोहिताचं अन्न वरच्या दोन-तीन मिलिमीटरच्या थरात असतं, तो थर खरवडून अंधाऱ्या बाटलीत बर्फावर आणायचा आणि अॅसिटोनमध्ये हरितद्रव्य काढून मोजायचं. बाटली उन्हात राहिली की नमुना गेला.

उघड्या चिखलाचं क्षेत्र उपग्रहाच्या चित्रांवरून मिळतं असं सगळे म्हणतात, आणि ठाणे खाडीत ते अर्धंच खरं आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरचा एक ठिपका, दर पाच दिवसांनी एक फेरी. हिरव्या आणि अवरक्त पट्ट्यांच्या फरकावरून पाणी आणि चिखल वेगळे काढता येतात. अडचण वेळेची आहे. हा उपग्रह आपल्यावरून नेहमी सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास जातो. आता पाऊणकीचा हिशेब लावून बघा. उधाणाच्या दिवसांत भरती बाराच्या आसपास, म्हणजे उपग्रह येतो तेव्हा खाडी भरत आलेली असते. अष्टमीच्या सुमारास ओहोटी दुपारी बाराला, म्हणजे उपग्रहाला चिखल दिसतो, पण तो भांगातला अपुरा चिखल. उधाणाच्या ओहोटीला सकाळी सात-आठला जो दूरवरचा चिखल उघडा पडतो, ज्यावर सर्वात मोठे थवे चरतात, तो या उपग्रहाच्या चित्रात येतच नाही. वर्षभराची सत्तरेक चित्रं एकत्र केली तरी येत नाही. चिखलाचा नकाशा फक्त त्या चित्रांवरून केला तर खालची पट्टी कायमचं पाणी म्हणून रंगवली जाते आणि मॉडेल सांगतं, पक्षी पाण्यात उभे आहेत. यावर उपाय म्हणजे होडीतून किंवा काठावरून खोली मोजून तळाचे उतार काढणं आणि बांबूच्या नोंदीवरून कुठल्या उंचीला किती चिखल उघडा ते गणिताने भरणं. वेळखाऊ आहे, पण दुसरी वाट नाही.

चित्रांचा दुसरा उपयोग मात्र निर्विवाद आहे. खाडीच्या वरच्या भागात गाळ साचत गेला आणि त्यावर तिवरं पुढे सरकत गेली. कांदळवन वाढलं ही आनंदाची बातमी असते, आणि ती आहेच, पण रोहित तिवरांत चरत नाहीत. तिवरांची कड जेवढी पुढे येते तेवढा चिखल आत घेते. ती कड भांगातल्या चित्रातही स्वच्छ दिसते, वर्षागणिक आखून ठेवावी.

मग मॉडेल. सगळ्यात आधी हे मान्य करावं लागतं की थव्यांचे आकडे पॉइसनच्या, म्हणजे सरासरी आणि विखुरणं सारखंच धरणाऱ्या, साच्यात बसत नाहीत. एकाच टापूत ०, ०, १२, ४,०००, ० असे आकडे येतात. सरासरीपेक्षा विखुरणं कितीतरी मोठं. पॉइसनने उत्तर येतं, पण अनिश्चितता हास्यास्पद वाटेल इतकी कमी दाखवतं. जास्त विखुरणं सामावणारं निगेटिव्ह बायनॉमियल घ्यावं किंवा लॉग आकड्यांवर काम करावं. वारंवार मोजणीवरून पक्षी दिसण्याची शक्यता काढणारी एन-मिक्स्चर मॉडेलं जंगलातल्या पक्ष्यांसाठी चालतात, इथे जपून वापरावीत. त्यांचं गृहीत असं असतं की मोजण्यांच्या दरम्यान पक्षी जागा सोडत नाहीत. रोहित तर दर भरतीला जागा सोडतात. मॉडेल त्यांच्या ये-जाला 'मोजताना सुटले' असं समजतं आणि एकूण संख्या फुगवून ठेवतं.

आम्ही दोन मजली रचना वापरतो. खालच्या मजल्यावर खाडीतली खरी संख्या, आठवड्यागणिक बदलणारी, कोणी न पाहिलेली. वरच्या मजल्यावर आपली मोजणी: खरी संख्या, अधिक त्या दिवसाच्या पाण्याचा परिणाम, अधिक मोजणाऱ्याचा कल, अधिक उरलेली चूक. ही रचना चालवायला आर या संगणकभाषेतून जॅग्स, निंबल किंवा स्टॅन, यांपैकी कुठलीही आज्ञावली चालते. अडतं ते एका ठिकाणी. आठवड्यातून एकदाच मोजलं असेल तर आकडा हलला तो पक्षी हलले म्हणून की मोजणी चुकली म्हणून, हे मॉडेलला सांगता येत नाही. दोन्ही चुका एकमेकींत मिसळतात, मॉडेलच्या आकडेमोडीच्या साखळ्या तासन्‌तास चालतात आणि जुळत नाहीत. संगणक वाढवून हे सुटत नाही. चार-पाच दिवसांच्या आत तीनदा मोजलं, की सुटतं. तेवढ्या दिवसांत खरी संख्या फारशी बदलत नाही असं धरता येतं, त्यामुळे तीन आकड्यांतला फरक हा मोजणीचा फरक ठरतो. मॉडेलची ही गरज क्षेत्रकामाआधी माहीत असायला हवी. म्हणूनच गणित करणारा माणूस चिखलाच्या काठावर उभा राहिलेला असावा आणि मोजणाऱ्याला समीकरण वाचता यावं असा आमचा आग्रह असतो.

खरा डेटा घालण्याआधी मॉडेलला खोटे रोहित द्यायचे. संगणकावरच ४०,००० पक्ष्यांची खाडी तयार करायची, तिच्यात भरती-ओहोटी घालायची, मोजणाऱ्यांच्या चुका घालायच्या आणि आलेले आकडे मॉडेलपुढे ठेवून विचारायचं, किती होते? असं दोनशे वेळा. मॉडेलने दिलेल्या ९५ टक्के खात्रीच्या पट्ट्यात खरा आकडा साधारण १९० वेळा सापडला पाहिजे. १४० वेळाच सापडला तर मॉडेल फाजील आत्मविश्वासाचं आहे. खरे आकडे घातल्यावर ही चूक कधीच दिसत नाही, कारण खरं उत्तर कोणालाच माहीत नसतं. आणखी एक बारीक जागा: लॉगमधून परत साध्या आकड्यावर येताना सरासरी हवी असेल तर विचलनाच्या वर्गाचा अर्धा भाग मिळवावा लागतो. विचलन ०.४ असेल आणि हे राहिलं तर उत्तर सुमारे आठ टक्के कमी येतं.

एकूण संख्येसाठी मात्र चिखलावरच्या मोजणीपेक्षा भरतीतली मोजणी भरवशाची. उधाणाच्या दुपारी सगळा चिखल बुडतो आणि पक्ष्यांना पाय टेकतील अशा उथळ जागा मोजक्याच उरतात: भांडुपच्या बाजूची पाणथळ, नेरूळ-सीवूड्सकडे टी. एस. चाणक्य ही नौवहन प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय संकुल यांलगतच्या पाणथळ जागा, डीपीएस नावाने ओळखला जाणारा तलाव, पलीकडे उरणच्या बाजूच्या पाणथळी. पक्षी तिथे दाटीने, जवळ आणि बऱ्यापैकी स्थिर असतात. सगळ्या जागा एकाच तासात मोजल्या की बेरीज खऱ्या संख्येच्या जवळ जाते. २०२२ मध्ये काही रोहितांना लावलेल्या जीपीएस यंत्रांनी त्यांच्या या ये-जा आणि हंगामअखेरचं गुजरातकडे जाणं दाखवलं, आणि आमच्यासारख्यांना थवे नेमके कुठून कुठे जातात याचा आधार मिळाला.

या जागांची किंमत मॉडेलमध्ये निराळ्या रीतीने दिसते. चिखल विस्तीर्ण आहे, अन्न पुरेसं आहे, पण भरतीचे चार-पाच तास उभं राहायला जागा नसेल तर त्या अन्नाचा उपयोग नाही. जवळची विसाव्याची जागा गेली की पक्ष्याला दिवसातून दोनदा लांब उडावं लागतं, आणि ती ताकद पुढच्या प्रवासासाठी साठवायच्या चरबीतून जाते. एकूण संख्येत हे लगेच उमटत नाही. पक्षी दुसऱ्या जागेवर दाटी करतात आणि बेरीज तेवढीच राहते. आधी बदलते ती दाटी, मग उडण्याचं अंतर, आणि संख्या सर्वात शेवटी. तलावात भरतीचं पाणी येण्या-जाण्याची वाट बंद झाली की तळी कोरडी पडतात किंवा साचून शेवाळतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेरूळच्या तलावाच्या परिसरात मेलेले रोहित सापडले तेव्हा हाच मुद्दा पुढे आला होता. म्हणून प्रत्येक विसाव्याच्या जागेसाठी पाण्याची खोली आणि पाणी येण्या-जाण्याची वाट मोकळी आहे का, हे दोन रकाने दर वेळी भरावेत.

'कमी होतायत की नाही, एवढं सांगा' असं विचारलं जातं. त्याचा हिशेब हातानेही करता येतो. मोजणीतली चूक तीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि संख्या दर वर्षी पाच टक्क्यांनी घटते आहे असं धरा. हंगामात एकदाच मोजलं तर ही घट खात्रीने सांगायला साधारण १५ वर्षं लागतात, आणि तोपर्यंत निम्म्याहून जास्त पक्षी गेलेले असतात. हंगामात पाच स्वतंत्र मोजण्या केल्या तर ९ वर्षं, तेव्हा ३७ टक्के गेलेले असतात. तीन वर्षांच्या आकड्यांवरून वाढ किंवा घट जाहीर करू नये, आणि मोजणी नऊ वर्षं चालावी म्हणून माणसं, पैसे, वह्या यांची सोय पहिल्याच वर्षी लावावी. पीएच.डी. चार-पाच वर्षांत संपते, म्हणून तक्ता असा असावा की पुढच्या विद्यार्थ्याला तो न विचारता वाचता येईल.

या कामात येऊ पाहणाऱ्यांनी प्राणिशास्त्राबरोबर संख्याशास्त्राचा पाया पहिल्या वर्षातच घालावा. आधी साधं प्रतिगमन (रिग्रेशन), मग गटवार चुकांची मॉडेलं, मग दोन मजली रचना. आणि या प्रत्येक पायरीवर खोटा डेटा स्वतः तयार करून बघावा. तयार आज्ञावली चालवून उत्तर मिळवता येतं, पण अकराच्या उपग्रहाला सातचा चिखल दिसत नाही, हे कुठलीही आज्ञावली सांगत नाही.

आकडा देताना पट्टा द्यावा. लॉगमधली चूक ०.२ आणि अंदाज ४०,००० असेल तर पट्टा २७,००० ते ५९,००० असा, वरच्या बाजूला लांब. बातमीत एकच आकडा जाणार हे माहीत असतं. तरी लेखी द्यायचा तो पट्ट्यासकट, मोजणीच्या तिथीसकट आणि पाण्याच्या उंचीसकट.

मेअखेरीस थवे विरळ होतात. मागे राहिलेले करडे पक्षी जूनमध्येही मोजावेत, ते पुढच्या हंगामाच्या हिशेबात लागतात. पहिला मोठा पाऊस येण्याआधी जेटीच्या खांबावरचा बांबू सोडवून घ्यायचा, सोडवण्याआधी काँक्रीटवरच्या खुणेपासून त्याच्या शून्यापर्यंतचं अंतर पुन्हा टेपने मोजायचं आणि नोव्हेंबरच्या आकड्याशेजारी लिहायचं. दोन्हींत फरक निघाला तर हंगामातल्या सगळ्या उंच्या त्या प्रमाणात दुरुस्त करून मगच वही बंद करायची.